शेंदराखालचा रंग

सोनगीरजवळ भंगाराचा ट्रक उलटला त्याला नऊ वर्षं झाली. त्यातले तोफगोळे आसपासच्या लोकांनी घरी नेले. कुणी दाराला टेकण लावलं, कुणी चक्क मिरची कुटायला घेतले. यंदा, सत्याऐंशी साली, सरकारला जाग आली. मी तोफखान्यातून निवृत्त झालेला, म्हणून ओळखायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सोबतीला पुना शिपाई आणि एक बैलगाडी.

ओळख सोपी असते. निळा रंग म्हणजे सरावाचा गोळा, आत दारू नाही. तो गाडीत टाकायचा. हिरव्यावर पिवळा पट्टा म्हणजे भरलेला; तो न हलवता फौजेला कळवायचं. चार दिवसांत एकेचाळीस गोळे गोळा केले, सगळे निळे. प्रत्येक घरी तीच हुज्जत आणि तोच गोडमिट्ट चहा. कंबर मोडली होती, जीव अगदी विटला होता.

शेवटचं घर झुंबरअक्काचं. तिनं गोळ्याचा देवच केला होता. भिंतीला लागून ओटा, त्यावर गोळा उभा, अंगावर बोटभर जाड शेंदूर. भिंतीपलीकडे तिच्या नातवाचा पाळणा.

"अक्का, शेंदूर काढना पडी. रंग देखना शे."

"कसाले? तूच सांगं व्हतं ना पितांबरभाऊ, रिकामा शे म्हनीसन!" मग पुनाकडे वळून ती कौतुकानं म्हणाली, "हाऊ फौजमाईन सुट्टीवर येल व्हता. यानी सांगं, तवय मी देव बसाडा. रोज दिवा लावस."

मला आठवलं. गोळा तेव्हा चिखलानं माखलेला होता. मी खाटेवर बसून चहा पीत होतो, उठलोसुद्धा नाही. तेव्हा नजरेस पडलेले दोन-चार गोळे निळे होते, हाही तसाच असणार, असं धरून चाललो. अंगावर गणवेश असताना 'माहीत नाही' म्हणायला कमीपणा वाटला.

तेलाच्या चिंधीनं मी हलकेच पुसत गेलो. शेंदराखाली हिरवा रंग लागला. आणखी थोडं पुसलं तर पिवळा पट्टा. नऊ वर्षं ही बाई याच्या बुडाशी दिवा लावत होती.

"अक्का, पोराले ली आन भायेर चाल."

तिनं मुकाट्यानं नातवाला उचललं. पुना शेजारची घरं रिकामी करायला पळाला. अंगणात येऊन अक्कानं विचारलं, "काय शे त्यामा?"

"भरेल शे, अक्का. मी तवय देखंच नव्हतं. उगाच सांगी दिधं."

तिनं नातवाला पदराखाली घेतलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, इतकी लाज वाटत होती.

"त्या बाभूयजवळ जाई बठ," मी लांबच्या झाडाकडे बोट दाखवलं. "तठे धोका नही."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निघाली. बाभळीपाशी पोहोचली, पण थांबली नाही. नातवाला छातीशी धरून ती पुढं चालतच राहिली.