कोर्टाचा सूट

मॉरीनने ओठांत धरलेल्या टाचण्यांपैकी एक काढली, विजारीची कड आत दुमडली आणि टोचली. स्टुलावर उभ्या असलेल्या डेलने पाय मागे घेतला.

"सरळ उभा राहा," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "पोक काढलंस तर एक पाय वर आणि एक खाली दिसेल. मग म्हणशील, मावशीने वाट लावली."

डेल सरळ झाला. कोटाच्या बाह्या त्याच्या बोटांपर्यंत येत होत्या, पण खांदे बरे बसले होते. समोर सोफ्यावर कोरी मांडीवर चहाचा मग घेऊन बसला होता. तो डेलकडे कमी आणि स्टुलाच्या पायांकडेच जास्त बघत होता.

सूट गडद निळा, मॉरीनच्या नवऱ्याचा. डेरेकने तो मुलीच्या लग्नासाठी शिवून घेतला, त्यानंतर दोन वेळा घातला, आणि सहा वर्षांपूर्वी डेरेक वारला. पहिल्यांदा शेजारच्या पोराने नोकरीच्या मुलाखतीसाठी मागून नेला. मग दुसऱ्या एकाने कोर्टासाठी नेला, आणि त्यानंतर जे नेणारे आले ते बहुतेक कोर्टासाठीच आले. हॉलिन्स वसाहतीत आता त्याला 'कोर्टाचा सूट' असंच म्हणतात. लँकेशायरच्या या गावात वसाहतीतल्या पोरांचा जन्म ट्रॅकसूटमध्येच जातो. ऊब असते, धुतला की लगेच वाळतो, आणि सगळ्यांकडे असतो म्हणून कुणी हसत नाही. त्या पोरांना हसू येतं ते टाय बघून. मॉरीनच्या अटी दोनच. सूट अंगात असताना सिगरेट ओढायची नाही, आणि परत देताना आतल्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्यांची नवी पुडी ठेवायची, पुढच्या पोरासाठी. विजारीची कड दर वेळी उंचीप्रमाणे चढायची, उतरायची. आतल्या बाजूला जुन्या टाक्यांच्या रेघा एकाखाली एक उमटल्या होत्या.

या वेळी पंचाईत अशी होती की सूट एक आणि पोरं दोन. डेल आरोपी, कोरी त्याचा साक्षीदार, आणि तारीख एकच, उद्याची.

सप्टेंबरात औषधांच्या दुकानासमोरच्या बसथांब्यावर मिसेस हॅलम नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंना कुणीतरी मागून ढकललं आणि हातातली पर्स ओढून नेली. पोलिसांना त्यांनी सांगितलं, तरुण पोरगा, राखाडी ट्रॅकसूट, हूडीची टोपी डोक्यावर ओढलेली. त्या वेळी गावात असे पन्नास तरी पोरगे फिरत असतील. तासाभराने पोलिसांनी बाईंना गाडीत बसवून गावातून फिरवलं. डेल मासे-बटाट्याच्या दुकानाबाहेर उभा राहून कागदातल्या बटाट्यांवर ताव मारत होता. बाईंनी गाडीच्या काचेतून त्याच्याकडे बोट दाखवलं. पर्स त्याच्याकडे सापडली नाही. पण पंधराव्या वर्षी एक सायकल चोरल्याची नोंद सापडली, आणि तेवढं पुरलं.

कोरीने डेलच्या वकीलबाईंना, मिसेस कुरेशींना, वेगळंच सांगितलं होतं. चोर पोरगा नव्हताच. पस्तिशीचा माणूस, लांब तपकिरी कोट, पॉलिश केलेले बूट. पर्स कोटाखाली घातली आणि ऑफिसला निघाल्यासारखा चालत कोपऱ्यावरून वळला. मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. वकीलबाईंनी सगळं लिहून घेतलं, मग त्याच्या राखाडी हूडीकडे बघून पेन बंद केलं. त्या दिवशी जरा बरे कपडे घालून या, त्या म्हणाल्या. चांगल्या कोटातल्या माणसावर चोरीचा आळ तुम्ही घेणार, तर ऐकणाऱ्याने आधी तुमच्याकडे नीट बघायला हवं.

"खरं म्हणजे सूट कोरीने घालावा," मॉरीन दुसऱ्या पायाकडे वळत म्हणाली. "पिंजऱ्यात बसलेल्याने काहीही घातलं तरी तो आरोपीच दिसतो. शब्द ज्याचा तोलायचा, त्याच्या अंगावर सूट पाहिजे."

"नाही," कोरी घाईने म्हणाला. "डेललाच दे."

मॉरीनने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "का रे?"

"त्या बुटक्याला दुसरं काय शोभणार?"

डेलने वरूनच त्याला उशी फेकून मारली, आणि एक टाचणी खाली पडली म्हणून दोघांनीही बोलणी खाल्ली.

पण कारण ते नव्हतं. कोरी रस्त्याच्या पलीकडे नव्हताच. तो रांगेत मिसेस हॅलमच्या मागेच उभा होता. बाई पडल्या, त्यांचा चष्मा उडाला. त्याने तो उचलला आणि वाकून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, वर बघितलं, आणि किंचाळायला सुरुवात केली. लोक वळले. त्या सगळ्यांना काय दिसत होतं ते कोरीला आपोआप कळलं: जमिनीवर म्हातारी आणि तिच्यावर वाकलेला हूडीतला पोरगा. तो पळाला. कालव्यापर्यंत थांबलाच नाही. त्यानंतर तासाभरात डेलला धरलं. तिथेच उभा राहिलो असतो तर, हा विचार त्याने तीन महिने रोज केला होता, आणि रोज त्याला स्वतःची लाज वाटली होती. वकीलबाईंना पळाल्याचं सांगायला त्याची जीभ रेटली नव्हती.

सकाळी भुरभुर चालू होती. कोरीने गोदामात कामाला जाताना घालायची काळी पँट आणि डेरेकचा पांढरा शर्ट घातला होता. कॉलर इतकी मोठी की आत तीन बोटं जातील. वरून घालायला दुसरं काही नव्हतं म्हणून हूडी चढवली, आणि कॉलर दिसू नये म्हणून चेन गळ्यापर्यंत ओढली. बसमध्ये ड्रायव्हरने डेलला 'गुड मॉर्निंग' म्हटलं आणि कोरीचा पास दोनदा बघितला.

"बघ," डेल सीटवर बसता बसता म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा. हा सूट मी आता काढतच नाही."

कोर्टाच्या दाराशी हातात यादी घेतलेला शिपाई उभा होता. त्याने वर न बघताच कोरीला विचारलं, आरोपी ना, नाव काय? तो मी, डेल म्हणाला. शिपायाने सूटकडे पाहिलं, हूडीकडे पाहिलं, बरं म्हणाला, आणि खूण केली.

वकीलबाई डेलला घेऊन एका खोलीत गेल्या. कोरी बाहेर बाकावर एकटा बसला. डेलने जाताना हातात ठेवलेली पेपरमिंटची गोळी त्याने चघळली नाही, नुसती गालात धरली.

पलीकडचं दार उघडलं आणि मिसेस हॅलम बाहेर आल्या. सोबत साक्षीदारांची काळजी घेणारी एक बाई होती, चहाच्या यंत्राकडे निघालेली. मिसेस हॅलम कोरीसमोर थांबल्या. ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"हाच तो. माझ्या तोंडाशी वाकला होता."

"तो नव्हे हो," सोबतची बाई समजुतीच्या सुरात म्हणाली. "आरोपी आत आहे. हा दुसराच कुणीतरी."

"मी विसरेन होय? हीच हूडी. हेच तोंड."

"तुम्हाला ताण आलाय. चला, चहा घेऊ."

तिने त्यांना हळूच वळवलं. मिसेस हॅलमनी तिचा दंड घट्ट धरला. ते बघून कोरीला भीती वाटायच्या आधी वाईट वाटलं. या बाई तीन महिने त्याचाच चेहरा डोळ्यांपुढे ठेवून झोपत असणार.

दार बंद झालं. मग भीती आली. साक्षीला उभा राहिलो तर त्या पुन्हा हेच म्हणणार, आणि मग मी नि डेल दोघंही एकाच माळेचे मणी ठरणार. निघून गेलो तर डेलच्या बाजूने बोलायला कुणी नाही. आणि खरं सांगितलं तर डेल सुटेल, पण त्याच्या रिकाम्या जागेवर मी. त्याने हूडीची चेन खाली ओढली, पुन्हा वर ओढली. रस्त्याकडचं दार दहा पावलांवर होतं. एवढ्या वेळात तिथून किती माणसं गेली, आणि एकालाही कुणी हटकलं नाही.

खोलीतून वकीलबाई एकट्याच बाहेर आल्या. दहा मिनिटांत सुरू होईल, मिसेस हॅलमनंतर लगेच तुमचा नंबर, असं त्या सांगू लागल्या.

"मॅडम," कोरी उभा राहिला. "त्या बाईंनी आत्ता मला ओळखलं. चोर म्हणून. डेलला नाही, मला."

वकीलबाईंचे हात फायलीवर थांबले. "कुणी ऐकलं?"

"त्यांच्याबरोबरच्या बाईंनी."

"याचा अर्थ कळतोय ना? तुमचा मित्र सुटेल."

"हो."

"आणि लगेच विचारतील, तुम्ही कुठे होतात. रस्त्याच्या पलीकडे?"

कोरीने गोळी गिळली.

"नाही. त्यांच्याजवळच. चष्मा मी उचलून दिला. त्या ओरडल्या, तसा पळालो."

वकीलबाईंनी हात पुढे करून त्याला थांबवलं, जरी तो आणखी काही बोलत नव्हता.

"यापुढे मला एक शब्दही सांगू नका. मी डेलची वकील आहे, तुमची नाही. मला आता हे आत जाऊन सांगावं लागेल. तुम्ही स्वतःसाठी दुसरा वकील बघा. आजच बघा."

"मी जाऊ का?"

"तुम्हाला थांबवायचा अधिकार मला नाही," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

कोरी बाकावर बसून राहिला.

बारा वाजायच्या आत डेलवरचा खटला मागे घेतला गेला. डेल बाहेर आला तो उड्या मारतच. कोरीला उचलायचा प्रयत्न त्याने केला, जमलं नाही. मग त्याला कोरीशेजारी वही घेऊन बसलेला पोलीस दिसला. पोलीस सभ्य होता. नाव, पत्ता, मंगळवारी सकाळी दहा वाजता ठाण्यात या, नुसती चौकशी आहे. शेवटी त्याने पेन हूडीकडे रोखलं.

"त्या दिवशी हेच होतं अंगात?"

"हो."

"मंगळवारी घेऊन या. धुऊ नका."

परतीच्या बसमध्ये कोरीने डेलला सगळं सांगितलं. सुटका झाल्याचा आनंद डेलच्या तोंडावरून पार पुसला गेला होता.

"तीन महिने," तो म्हणाला. "तीन महिने आईने माझ्याशी धड बोलणं टाकलंय, आणि तुला माहीत होतं."

"हो."

"आज नसतास बोलला तर मी तुला मारलं असतं."

"तुला कळलंच नसतं."

पण उतरताना डेल पुढे निघून गेला नाही, कोरीसाठी थांबला.

मॉरीनने दार उघडलं आणि दोघांच्या तोंडाकडे बघून काय झालं हे विचारलंच नाही. केटल लावली. डेल आतल्या खोलीत जाऊन स्वतःच्या ट्रॅकसूटमध्ये बाहेर आला. सूट हातावर घेतलेला, खिशात गोळ्यांची नवी पुडी. रिवाजाप्रमाणे तो दारामागच्या हँगरला लावायचा असतो. डेलने तो सोफ्यावर, कोरीच्या शेजारी ठेवला.

मॉरीनने सूटकडे पाहिलं. मग कोरीकडे.

"कधी?"

"मंगळवारी. दहाला."

"वकील?"

"बघायचाय."

तिने मान हलवली. शिवणाचा डबा काढला, विजार मांडीवर घेतली आणि काल रात्री डेलसाठी घातलेले टाके छोट्या कात्रीने एकेक करून उसवायला लागली. डेलने स्टूल ओढून मध्ये आणलं आणि टाचण्यांची डबी हातात धरून उभा राहिला.

"ती हूडी काढ आधी," मॉरीन म्हणाली.

कोरीने चेन खाली ओढली. हूडीची नीट घडी केली आणि कुठे ठेवावी ते न कळून ती हातातच धरली. डेलने ती त्याच्याकडून घेतली.

"आता वर चढ. सरळ उभा राहा, बाळा. तू उंच आहेस, सगळीच कड सोडावी लागणार."