शिंपीकाकांच्या दारावरचा फळा

मित्रांनो, माझ्याकडे बघून लगेच नाक मुरडू नका. मी एक जुना लाकडी फळा आहे. एका कोपऱ्यात तडा गेलाय, रंग तीन ठिकाणी उडालाय आणि उजवीकडची पट्टी तारेने बांधलेली आहे, हे सगळं मला ठाऊक आहे. पण माझ्यावर अक्षर अजूनही ठसठशीत उठतं, आणि या रस्त्यावरून जाणारा माणूस माझ्यासमोर घटकाभर तरी थांबतो. नव्या फळ्यांच्या वाट्याला एवढं भाग्य येतं का, ते त्यांनाच विचारा.

मला एका म्हाताऱ्या सुताराने तीन फळ्या जोडून बनवलं. सांधे असे बसवले की मधून नख जाणार नाही. मग काळा रंग, मग काचकागद, पुन्हा रंग, असं चार वेळा. तिथून मी शाळेत गेलो आणि चौथीच्या वर्गात एकोणीस वर्षं काढली. त्या काळाबद्दल जास्त सांगत नाही. तुम्ही स्वतः फळ्यासमोर बसून जांभया दिलेल्या आहेत, तुम्हाला काय नवीन सांगायचं? पुढे शाळेत पांढरे गुळगुळीत फळे आले आणि मला मागच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. दोन वर्षं मी भिंत पाहिली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

शाळेच्या पडद्यांची मापं घ्यायला एक शिंपी आला होता. त्यानेच मला तिथून सोडवलं. सगळे त्यांना शिंपीकाका म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. कापड कापायला बरा पडेल म्हणून काकांनी मला दुकानात आणलं आणि पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट माझ्यावर पसरला. उचलला तेव्हा तो पाठीकडून करडा झाला होता. काकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, त्याच संध्याकाळी मला बाहेर काढलं आणि दाराशेजारी टांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्यावर लिहिलं, ‘कपडे आठ दिवसांनी मिळतील. रोज विचारायला येऊ नये.’ लोक रोज येतच राहिले.

माझ्यावर मतं लिहायची सुरुवात गटारापासून झाली. दुकानासमोरच्या गटाराचं झाकण अडीच महिने गायब होतं. एक बाई त्यात पाय जाऊन पडता पडता वाचली, तेव्हा काका तणतणत बाहेर आले आणि कपड्यांची ओळ पुसून त्यांनी लिहिलं, ‘झाकण ज्याने नेलं त्याला लखलाभ. ज्याने बसवायचं आहे त्याला जाग कधी येणार?’ तिसऱ्या दिवशी झाकण आलं. झालं! काकांना माझी चटक लागली.

तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला, वर्तमानपत्र वाचून झालं की, काका खडू घेऊन बाहेर यायचे. वर्तमानपत्र वाचलं की त्यांना राग यायचा. आधी तो काकूंच्या वाट्याला यायचा, आता माझ्या वाट्याला येऊ लागला. काकू म्हणायच्या, “सुटले बाई मी एकदाची.”

काय काय लिहिलं म्हणून सांगू! भरतीच्या परीक्षेचा पेपर फुटला तेव्हा लिहिलं, ‘वर्षभर अभ्यास केलेल्यांनी आता कोणाच्या तोंडाकडे बघायचं?’ रस्ता रुंद करायला झाडं पाडली तेव्हा लिहिलं, ‘रस्ता मोठा झाला. आता उन्हात उभं राहायला सगळ्यांना जागा आहे.’ निवडणुकीच्या दिवसांत लिहिलं, ‘मत मागायला हे चौथ्या मजल्यापर्यंत चढतात. निवडून आले की तळमजल्यावरच्या ऑफिसातही सापडत नाहीत.’ आणि एकदा नुसतंच, ‘काल टीव्हीवर सहा जण एकाच वेळी ओरडत होते. मी टीव्ही बंद करून जेवलो.’

एकदा एका पुढाऱ्याचा माणूस गुरगुरत आला आणि म्हणाला, “हे पुसा.” काका मशीनवरून उठलेसुद्धा नाहीत. “फडका तिथेच लटकलाय,” ते म्हणाले. “तुम्हीच पुसा. कोणी पुसलं ते मी उद्या लिहितो.” तो माणूस फडक्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी इतका फुगलो की माझी तार तुटली असती. समोरचा बेकरीवाला गिऱ्हाइकांना पावाबरोबर माझी ओळ वाचून दाखवायचा. चुकून कधी मी कोरा राहिलो तर लोक चौकशी करायचे, काकांना बरं नाही का म्हणून.

आता बटणताईंची ओळख करून देतो. काकांच्या दुकानात काजं-बटणं करायला एक बाई येत. त्यांना सगळे बटणताई म्हणत. नऊ वर्षं त्या दुकानात मागच्या बाजूला बसून काम करत होत्या. हात असा की काज उलटं धरलं तरी सुलट वाटावं. त्यांचा नवरा पाणीखात्यात होता. कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, ती मोठी चावी फिरवायचं काम त्याचं. म्हणून तो चावीवाला. पहाटे साडेचारला खांद्यावर लोखंडी दांडा टाकून तो माझ्यासमोरून जायचा.

एका वर्षी उन्हाळ्यात आमच्या गल्लीचं पाणी आटलं. वरच्या गल्लीला तासभर पाणी, आम्हाला कशीबशी वीस मिनिटं, तीही करंगळीएवढ्या धारेची. बायका बादल्या घेऊन भांडू लागल्या. त्यातच वर्तमानपत्रात बातमी आली की दुसऱ्या एका गावात पाणी सोडणारी माणसं लाच खाताना पकडली गेली. आणि काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी चावीवाल्याला वरच्या गल्लीतल्या बंगल्याच्या फाटकात चहा पिताना पाहिलं होतं. एवढं पुरलं.

त्या सकाळी काका खडू घेऊन आले तेव्हा काकूही मागोमाग आल्या. काका काय लिहिणार ते त्यांनी ओळखलं असावं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, ती आतच बसलीय. विचारा की तिला आधी.”

“विचारून काय? ती नवऱ्याचीच बाजू घेणार,” काका म्हणाले. “आणि हा घरचा प्रश्न नाही. लोकांचा प्रश्न आहे.”

मग त्यांनी लिहिलं. ‘वरच्या गल्लीला तासभर पाणी, आपल्याला वीस मिनिटं. पाण्याची चावी ज्याच्या हातात आहे तो वरच्या गल्लीत फुकट चहा पितो. एका कपात किती बादल्या मावतात?’

लोक खो खो हसले. बेकरीवाल्याने तीनदा वाचलं. कित्येकांनी मोबाइल काढून माझे फोटो घेतले. खरं सांगायचं तर मीही खूश होतो. अक्षर सुरेख आलं होतं आणि इतकी गर्दी माझ्यासमोर पूर्वी कधी झाली नव्हती. आत काका शिवत होते आणि त्यांच्यापासून चार हातांवर बटणताई काजं करत होत्या. दिवसभर दोघांचं नेहमीसारखं बोलणं चाललं होतं. सुई द्या, कोट घ्या, अस्तर राहिलंय.

संध्याकाळी सहाला बटणताई बाहेर आल्या आणि त्यांनी मला वाचलं. दोनदा वाचलं. हात वर केला असता तर तळव्याने पुसता आलं असतं. त्यांनी पुसलं नाही. पिशवी खांद्याला लावली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. काका म्हणाले, “खरं बोललं की झोंबतंच.” काकूंनी त्यांना दिवसभर चहा दिला नाही.

चौथ्या दिवशी बातमी आली. कोणीतरी माझा फोटो पाणीखात्याच्या साहेबांना पाठवला होता आणि चौकशी होईपर्यंत चावीवाल्याला घरी बसवलं होतं. गल्लीत लोक म्हणाले, बरं झालं. त्याच्या जागी नवा माणूस आला. आता पाणी पंधरा मिनिटं येऊ लागलं.

आणखी आठ दिवसांनी खात्याची माणसं कुदळी घेऊन आली आणि बेकरीसमोर रस्ता खणू लागली. कमरेएवढं खणल्यावर पाइप दिसला. सांध्यातून पाणी भसाभसा वाहत होतं. काका टेप गळ्यात घेऊनच बघायला गेले.

“कधीपासून फुटलाय हा?” त्यांनी विचारलं.

मुकादम म्हणाला, “चार महिने असतील. तुमच्या चावीवाल्याने तीनदा लिहून दिलं होतं की इथेच गळतंय. आमचा नंबर आज लागला.”

काका परत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. माझ्यावर त्या दिवशी कसल्याशा मंत्र्याबद्दल काहीतरी होतं. त्यांनी ते पुसलं आणि लिहिलं, ‘बारा दिवसांपूर्वी मी इथे चावीवाल्यावर संशय घेतला. तो खोटा होता. पाइप फुटला होता आणि त्याने तीनदा लेखी कळवलं होतं. मी त्याला विचारलं नाही. चूक माझी. शिंपी.’

मित्रांनो, त्या दिवशी माझा एकही फोटो निघाला नाही. लोक येत, पहिली ओळ वाचत आणि पुढे जात. बेकरीवाला म्हणाला, “काका, आज काही जमलं नाही बुवा.” काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने आपली हातगाडी काढून दिली. मला गाडीवर ठेवलं आणि अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून काका मला एका हाताने सांभाळत, गाडीबरोबर चालत पाणीखात्याच्या ऑफिसात आले. एवढ्या वर्षांत मी प्रथमच गावात फिरत होतो, पण मौज वाटली नाही.

साहेबांच्या खोलीत मला कपाटाला टेकवून उभं केलं. साहेबांनी फाइल उघडली. तिच्यात माझाच फोटो होता. स्वतःचा फोटो बघायची ती माझी पहिलीच वेळ.

“साहेब, हे वाचा आणि त्याला कामावर घ्या,” काका म्हणाले.

साहेबांनी वाचलं. “अहो, फळ्यावर काय, कोणीही काहीही लिहितो. ते आम्ही कसं धरायचं?”

“परवा धरलंत की.”

“तेव्हा लोकांचा राग होता,” साहेब म्हणाले.

“तो राग मीच लिहिला होता,” काका म्हणाले. “आता माझं हेही धरा.”

साहेबांनी कागद पुढे केला. काकांनी उभ्या उभ्याच जबाब लिहून दिला. तरी चौकशी म्हणजे चौकशी, वेळ लागेल असं उत्तर मिळालं.

परत येताना काकांनी गाडी बटणताईंच्या घराकडे वळवली. बटणताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. माझ्यावरचं सगळं त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. चावीवाला आत खाटेवर बसला होता. तो उठून दारापर्यंतही आला नाही.

“तो चहा,” बटणताई म्हणाल्या, “माझी बहीण देते. त्या बंगल्याचा वॉचमन माझ्या बहिणीचा नवरा आहे. दोघं साडू पहाटे फाटकात उभे राहून चहा घेतात. अकरा वर्षं झाली.”

काका म्हणाले, “मला वाटलं, तू नवऱ्याची बाजू घेशील.”

“घेतलीच असती. खरी होती ती.” त्यांचा आवाज चढला नाही. “मी आत बसले होते, काका. तुम्ही लिहीत होतात तेव्हा मी तुमच्याच कोटाची काजं करत आत बसले होते. एक हाक मारायची होती.”

काकांनी गाडी वळवली आणि आम्ही घरी आलो. त्या रस्त्यात काका रडले. मी पाहिलं, म्हणून सांगतो.

चावीवाल्याला सव्वा महिन्याने कामावर घेतलं. पण अजूनही पाणी थोडं उशिरा आलं की कोणीतरी म्हणतंच, गेला असेल चहा प्यायला. माझ्यावरची ती ओळ कधीच पुसली गेली, लोक मात्र ती विसरले नाहीत. मधल्या काळात काजं काकू करत होत्या. गिऱ्हाइकं शर्ट परत आणून देत, बटण जात नाही म्हणून. माझ्यावर पुन्हा ‘कपडे आठ दिवसांनी मिळतील’ आलं आणि तेच राहिलं.

मग एका सोमवारी बटणताई आल्या. कोणी बोलवायला गेलं नव्हतं. आतून आपलं स्टूल उचललं आणि दारात, माझ्या शेजारी आणून ठेवलं. “आता इथेच बसणार,” त्या म्हणाल्या. “लिहाल ते मला आधी दिसू दे.” काकूंनी काजं करायच्या शर्टांचा ढीग त्यांच्या मांडीवर ठेवला.

थोड्याच दिवसांनी काकांना पुन्हा राग आला. दवाखान्याला सकाळी साडेनऊपर्यंत कुलूप असतं आणि आजारी माणसं रस्त्यात ताटकळतात, असं कोणी सांगितलं. काकांनी ती कपड्यांची ओळ पुसली, खडू टेकवला आणि लिहिलं, ‘दवाखान्याची नर्स’. एवढ्यात शेजारून आवाज आला.

“काका, विचारलंत तिला?”

काकांनी खडू खिशात टाकला, दोन शब्द पुसले, चपला घातल्या आणि गेले. मी अकरापर्यंत कोरा होतो. लोक आले, बघून गेले, कोणी हसलंही. परत आल्यावर काकांनी लिहिलं, ‘दवाखान्याच्या कुलपाला एकच किल्ली आहे आणि ती मोठ्या ऑफिसातून साडेनऊला येते. नर्स आठपासून पायरीवर बसून असते. दुसरी किल्ली करायला कोणाची परवानगी लागते, त्याचं नाव सांगा. पुढचं मी लिहितो.’ बटणताईंनी वाचलं, मान हलवली आणि सुईत दोरा ओवला.

मित्रांनो, मला नवा रंग नको, नवी पट्टीही नको. आहे त्या तारेवर अजून काही वर्षं निघतील. माझ्यावर खुशाल लिहा, जोरात लिहा, गप्प बसायला मी सांगणार नाही. फक्त कोणा माणसाबद्दल लिहिणार असाल, तर आधी त्याच्याकडे जाऊन या. तोवर मी कोरा राहीन. त्यात मला मुळीच कमीपणा वाटत नाही.