सणाच्या दिवशी हाक आली

मी एक बदक. रंगाने पांढरी, म्हणून नाव कापूस. आगाशीच्या पुढे केळीची एक वाडी आहे, तिथे राहते. बदकांना काही कळत नाही अशी माणसांची समजूत. त्यामुळे आमच्यासमोर ती मोकळेपणाने बोलतात. मी त्यांचंच बोललेलं तुम्हाला सांगणार आहे.

माझी आई मी पाहिली नाही. सालोमी आजीने बदकाची अंडी एका खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. त्यातली दोनच फुटली. एकातून मी आले, दुसऱ्यातून माझा भाऊ. कोंबडीला वाटलं, आपलीच पोरं. आम्ही पहिल्यांदा वाडीतल्या बावखलात, म्हणजे तिथल्या छोट्या तळ्यात उतरलो, तेव्हा ती बिचारी काठावरून ओरडत धावत सुटली. आम्ही मजेत पोहत होतो!

आजीची नात टिफनी तेव्हा तिसरीत होती. तिने आम्हाला नावं ठेवली. भाऊ छाती काढून सगळ्यांच्या पुढे चालायचा, म्हणून तो सरपंच.

"डॅडी, ही दोघं माझी ना?" तिने तिच्या वडिलांना विचारलं.

"तुझीच गं! दुसऱ्या कोणाची?" एरॉल म्हणाला.

मी तिथेच चिखलात चोच घालून उभी होते. मीही ते खरं मानलं.

टिफनी रोज शाळेतून आली की दप्तर ओट्यावर टाकायची आणि बावखलाशी येऊन हाक मारायची, "या रे, या रे, या!" आम्ही पाणी सोडून धावायचो. कधी भात असायचा, कधी डब्यात उरलेली चपाती. तिचा धाकटा भाऊ जॅक्सन हाक मारायचा, आम्ही ढुंकून बघायचो नाही. आजी बोलवायची तेव्हा मनात आलं तर जायचो. टिफनीची हाक वेगळी होती. त्या हाकेवर आम्ही कधी शंका घेतली नाही.

ऑक्टोबरात असिसीचे संत फ्रान्सिस यांचा सण येतो. पशुपक्ष्यांना जीव लावणारे संत. टिफनीची आई व्हेरोनिका म्हणाली, "यंदा आपण घरीच सण करू. मुलांना बोलवू. सगळ्यांनी आपापली जनावरं आणायची."

सणाच्या दिवशी सकाळपासून ओट्यावर नुसता गोंधळ. टेबलावर पांढरं कापड टाकून अल्तार केला होता. त्यावर संतांची तसबीर, दोन मेणबत्त्या, झेंडूची फुलं. कोणी शेळी आणली, कोणी मांजर. एकीने बरणीत मासा आणला होता आणि मांजराची नजर त्याच्यावरून हटत नव्हती. टिफनीने आम्हा दोघांना आंघोळ घातली होती. बदकाला आंघोळ! पण आम्ही घालू दिली.

व्हेरोनिकाने मुलांना गोष्ट सांगितली. संत फ्रान्सिस पाखरांना भाऊ म्हणायचे, बहीण म्हणायचे. पाखरं त्यांचं ऐकत स्तब्ध बसायची. "तर आपणही या मुक्या जिवांना काय म्हणायचं?"

"भाऊ! बहीण!" मुलं ओरडली.

आजीने सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. सरपंचाने मान झटकली, मुलं हसली. मग सगळ्यांना वाडीतली केळी सुकवून केलेली सुकेळी आणि केक मिळाला. मुलं आपापल्या घरी गेली आणि आम्ही परत पाण्यात उतरलो.

थोड्या वेळाने एरॉल टिफनीला घेऊन काठावर आला. "बदकांना बोलाव ना जरा. सणाचा फोटो काढतो."

"या रे, या रे, या!"

आम्ही गेलो. सरपंच नेहमीसारखा पुढे. एरॉलने वाकून त्याचे पंख धरले. "अगं, हा लंगडतोय बघ. डॉक्टरला दाखवून आणतो."

"लंगडत नाहीये, डॅडी."

"तुला नाही कळत. संध्याकाळपर्यंत आणतो."

सरपंच ओरडला. मीही ओरडले. टिफनी नुसती बघत उभी राहिली आणि त्या क्षणी मला ती वैरीण वाटली. हाक तिची होती. आम्ही आलो होतो ते तिच्यासाठी.

दुपारी एरॉलचे साहेब बायकोला घेऊन जेवायला आले. पाट मागच्या पडवीत मांडले होते. मी बाजूच्या अळूत लपून बसले होते, तिथून सगळं दिसत होतं. टिफनीही पंगतीला होती. व्हेरोनिकाने तिच्या ताटात रस्सा वाढला. "चिकन आहे, खा." वाढताना तिने पोरीकडे पाहिलं नाही. टिफनीने खाल्लं. अजून मागितलं.

तेवढ्यात साहेब बोटं चाटत म्हणाले, "एरॉल, बदक काय झालंय! घरचंच का?"

टिफनीचा घास हातातच राहिला. तिने आधी वडिलांकडे पाहिलं, मग आईकडे. आईने पातेल्यावर झाकण ठेवलं.

टिफनी उठली. चिकूच्या झाडाखाली जाऊन भडाभडा ओकली. एरॉल मागून गेला. "अगं, आपण नेहमी खातोच की! दुसरं आणू आपण."

"तू मला बोलवायला लावलंस," ती म्हणाली. रडत नव्हती. "माझ्या हाकेने आला तो."

आजी पाण्याचा तांब्या घेऊन आली. पोरीचं तोंड धुतलं आणि लेकाला म्हणाली, "बदकं मी पन कापलीत रे. सनाला कापतात. पन पोरीच्या तोंडची हाक नाय घेतली कधी."

तेव्हा मला कळलं, जसं मला फसवलं तसंच तिलाही. पण कळलं म्हणून शरीर ऐकतं का? दुसऱ्या दिवशी ती भात घेऊन आली. मला पाहून हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मीही पाण्याच्या पलीकडच्या कडेला गेले. तिने भात काठावर ठेवला आणि निघून गेली. ती दिसेनाशी झाल्यावर मी खाल्ला. तेव्हापासून असंच चाललंय. आम्हा दोघींचं भांडण नाही, पण जवळ येणंही नाही.

आज सकाळी एरॉल आगाशीच्या बाजारातून खोकं घेऊन आला. आत बदकाची पिवळी पिल्लं, चोची वर करून चिवचिवणारी. "टिफनी, जॅक्सन! बघा काय आणलंय!"

जॅक्सन धावला. टिफनी सावकाश आली, खोक्यात डोकावली. पिल्लाला बोट लावलं नाही.

"डॅडी, यातली पाळायची कुठली आणि खायची कुठली?"

"असं काय बोलतेस गं?"

"आत्ताच सांग. मग मी नावं ठेवीन."

एरॉलने बायकोकडे पाहिलं. व्हेरोनिका घरात निघून गेली. आजी तांदूळ निवडत होती, तिनेही मान वर केली नाही. टिफनी हात मागे बांधून उभी आहे. जॅक्सनही आता तिच्याशेजारी तसाच उभा आहे.

मी हे बावखलातून बघतेय. मला एरॉलशी बोलता येत नाही, तुम्हाला येतं. तुम्ही तरी त्याला सांगा, पिल्लांना ऊन लागतंय. काय असेल ते खरं उत्तर दे म्हणावं, पण लवकर दे.