बाईंची दुपारची झोप

“मास्तर, हे तुमचं यंत्र बंद करा, नाहीतर मी इथेच बसते,” असं म्हणून वरच्या मजल्यावरच्या बाई गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर खरोखरच बसल्या.

मास्तर म्हणजे शिवणकामातले. बाई शाळेतल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. एका जिन्याला दोन मास्तर झाले की एकाला विद्यार्थी व्हावं लागतं, आणि ते काम शिंपीमास्तरांनी बिनबोभाट पत्करलं होतं. त्यांनी आयुष्यात कुणाला ‘नाही’ म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं, तरी ते कापड आटल्याचा दोष स्वतःकडे घेत.

वादळाने विजेचे खांब आडवे केले होते आणि इस्पितळातल्या नर्सांचे गणवेश संध्याकाळी द्यायचे होते. समोरच्या सायकलवाल्याने आपला पेट्रोलवरचा जनरेटर दिला होता. देताना बजावलंही होतं, की याला उघड्यावरच ठेव, दारापासून लांब. सकाळपासून तो फुटपाथवर धडधडत होता. पण बाईंची दुपारची झोप ही साधी गोष्ट नव्हती. त्या वेळात गल्लीतली कुत्रीसुद्धा दबक्या आवाजात भांडत.

मास्तरांनी बाईंची क्षमा मागितली आणि जनरेटर दुकानामागच्या खोलीत नेला. मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला. कोटाच्या खांद्यात भरायचा कापूस दोन अस्तरांमध्ये घालून त्यांनी दाराच्या मापाची गादी शिवली, ती दारावर ठोकली आणि खालच्या फटीत चिंध्या कोंबल्या. एवढं नेटकं काम त्यांनी नवरदेवाच्या कोटावरही केलं नसेल. धूर जावा म्हणून झरोका मात्र आठवणीने उघडा ठेवला. झरोका इमारतीच्या मधल्या अरुंद चौकात उघडत होता, आणि बाईंच्या झोपायच्या खोलीची खिडकीही त्याच चौकात. पण धूर काही दिसत नव्हता. जो दिसत नाही तो नाहीच, असं मास्तरांनी धरलं. जग निम्मं याच हिशेबावर चालतं.

आवाज मांजराच्या घुरघुरीएवढा उरला. बाई उठल्या. “बघा, मनात आणलं की जमतं,” म्हणाल्या आणि झोपायला वर गेल्या.

मधल्या खोलीत मास्तरांची बायको काजं-बटणं करायला बसली होती. मशीन मास्तरांचं, हातकाम तिचं. मास्तर रस्त्याकडेच्या टेबलावर कापायचे. गणवेशांचा ढीग उतरत चालला, तशी ती आतून म्हणाली, “अहो, डोकं गरगरतंय. मळमळतंय पण.”

“दोन दिवस मान वर केली नाहीस. जरा आडवी हो. मी पांढरा दोरा घेऊन येतो.”

ती तिथेच चटईवर पडली. डोळ्यांवर उजेड नको म्हणून मास्तरांनी खिडकी हलकेच लावून घेतली. प्रेमापोटी माणूस काय काय करतो.

त्यांचंही कपाळ ठणकत होतं. दोरा घेऊन परत येईस्तोवर मात्र ते उतरलं. वाऱ्याचा गुण, असं म्हणत ते सायकलवाल्याकडे घटकाभर थांबले. तो पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होता.

“काय मास्तर, आवाज येईना. बिघडवलास ना?”

मास्तर कौतुकाने सांगू लागले: कापूस, अस्तर, चिंध्या. सायकलवाल्याच्या हातातून ट्यूब निसटली.

“आत ठेवलास? आणि वहिनी कुठाय?”

“पडलीय जरा. डोकं...”

सायकलवाला धावतच सुटला. धावता धावता त्याने सांगितलं ते मास्तरांच्या कानात तुकड्यातुकड्याने शिरलं: इंजिनातून विषारी वायू निघतो, तो दिसत नाही, त्याला वास नाही, झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही.

दोघे श्वास रोखून आत शिरले. ती कुशीवर पडली होती, मुठीत बटण तसंच. मास्तरांनी तिला हलवलं. ती कापडासारखी हलली. काखेत हात घालून त्यांनी तिला ओढत फुटपाथवर आणलं. सायकलवाल्याने मागचं दार उचकटून इंजिन बंद केलं आणि खोकत बाहेर येऊन रुग्णवाहिकेला फोन लावला.

ती श्वास घेत होती. तुटक, पण घेत होती. मास्तरांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. माणसं जमली, आरडाओरडा झाला, कुणाची तरी सायकल दाणकन पडली. आणि मग मास्तरांच्या लक्षात आलं, की भर दुपारी एवढा गोंधळ होऊन वरून कुणीही रागावलेलं नाही.

“बाई,” ते म्हणाले.

बायकोचं डोकं मांडीवरून खाली ठेवणं जिवावर आलं. ते सायकलवाल्याच्या हातात देऊन ते जिना चढले. बाईंच्या दारावर त्यांनी सवयीने एका बोटाने टकटक केली. मग मुठीने. मग ते असे ओरडले, की खाली जमलेल्यांना हा आवाज कुणाचा ते कळेना. आतून उत्तर नव्हतं. मास्तर दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी खांदा दारावर घातला. कडी लगेच सुटली नाही. पुन्हा घातला, पुन्हा घातला, आणि ती लाकडासकट निखळली.

बाई पलंगावर शिस्तीत झोपल्या होत्या. इतक्या गाढ झोपेसाठी त्यांनी आयुष्यभर भांडणं केली होती. मास्तरांनी त्यांना चादरीसकट ओढलं आणि धापा टाकत जिन्यावरून खाली उतरवलं.

इस्पितळात दोघींच्या तोंडावर प्राणवायूचे मुखवटे चढले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. जनरेटर घरात चालवायचाच नाही, खिडक्या सताड उघड्या असल्या तरी नाही. तो बाहेर, दारं-खिडक्यांपासून लांब हवा, असं त्यांनी सांगितलं. “आणि तो चालू असताना डोकं दुखायला लागलं, तर ताबडतोब सगळ्यांनी बाहेर पडायचं. आडवं व्हायचं नाही.” शेवटचं वाक्य ऐकताना मास्तर भिंतीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी बाईंना बोलता येऊ लागलं.

“माझं दार कुणी तोडलं?”

“मी.”

“ते यंत्र आत न्यायला मीच लावलं तुम्हाला.”

“मला ‘नाही’ म्हणता आलं असतं, बाई.”

या वाक्यात बाईंनी काही दुरुस्ती सुचवली नाही.

बायकोही घरी आली. माणसं ओळखू लागली, हसू लागली, मास्तरांनी भाजीत मीठ विसरल्याचं तिने त्यांना ऐकवलंही. पण सुईच्या नेढ्याशी दोरा नेला की तिची बोटं थरथरायची. बरं होईल, कदाचित पूर्ण होणारही नाही, वेळ लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पहिल्या दिवशी ती दोरा ओला करत, डोळे बारीक करत तासभर झगडली आणि मास्तर पाठ फिरवून उगाच इस्त्री करत राहिले.

आता ती यायच्या आधी ते दुकान उघडतात. पांढरा, निळा, करडा असे दोरे ओवून सुया उशीत ओळीने टोचून ठेवतात. याविषयी दोघांत बोलणं झालेलं नाही. ती येते, बसते, रंग निवडून सुई उचलते. गाठ मास्तर मारत नाहीत, ती तिच्यासाठी ठेवतात. ती दोऱ्याचं टोक बोटाभोवती गुंडाळते, ते सुटतं, ती पुन्हा गुंडाळते, आणि तेवढा वेळ मास्तर कापडावर कात्री उघडी धरून उभे राहतात.