सत्तावीस नंबरचा वाफा

मंगळवारी सकाळी सात वाजून अकरा मिनिटांनी सत्तावीस नंबरच्या वाफ्याच्या नोंदीत मातृवृक्षाचा, म्हणजे ज्या झाडावरून कलमे केली त्या झाडाचा, क्रमांक नऊचा चौदा झाला. त्याच दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी तो पुन्हा नऊ झाला. बुधवारी सकाळी परत चौदा.

त्यानंतर पाऊण तासाने अकोल्यात प्रणालीचा फोन वाजला. फोन खुशालरावांचा होता. अमरावतीपुढे मोर्शी रस्त्याला त्यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे, आणि त्या नर्सरीच्या नोंदी ठेवणारे अ‍ॅप प्रणालीने बनवलेले आहे.

"पोरी, तुह्यं मशीन आकडे बदलून राहिलं."

"काकाजी, मशीन आपल्या मनानं काही बदलत नाही."

"मंग मी खोटं बोलून राहिलो काय? चार दिवस झाले. सकाळी मी चौदा करतो, दुसऱ्या दिवशी पाहतो तं नऊ. शनिवारी महादेवराव येतात मूर्तिजापूरहून सहाशे कलमा न्याले. लेबलं छापायची आहेत. शनिवारपर्यंत ठीक झालं तं झालं, नाही तं आपली वही बरी. वहीत खोडलेलं तरी दिसते."

प्रणालीने त्यांना एवढेच सांगितले, की आज त्या नोंदीला कोणी हात लावू नका. पुण्याची नोकरी सोडून ती अकोल्याला परत आली, त्याला दीड वर्ष झाले होते. खुशालराव तिचे पहिले गिऱ्हाईक. त्याच पट्ट्यातले आणखी तिघे नर्सरीवाले त्यांच्या शब्दावर थांबलेले होते. खुशालराव वहीकडे वळले, तर ते तिघेही वळणार, हे तिला कोणी सांगायला नको होते.

तिने संगणक उघडला. जुन्या नोकरीत हाताला लागलेल्या सवयीने तिने या अ‍ॅपलाही एक इतिहासाचा तक्ता ठेवला होता. कोणतीही नोंद बदलली, की जुने मूल्य पुसले जात नसे. आधी काय होते, नंतर काय झाले, केव्हा, कोणत्या नावाने आणि कोणत्या यंत्रावरून, एवढे त्या तक्त्यात जमा होत राही. खुशालरावांनी हा तक्ता पडद्यावर नको म्हटले होते. "आमाले भरायचं अन् छापायचं," असा त्यांचा हिशेब होता. म्हणून तो आतल्या आत भरत राहिला होता.

सत्तावीस नंबरच्या नावावर सात बदल होते. सातही खुशालराव या एकाच नावाने. तिने यंत्राचा रकाना वाचला, मग वेळेचा, आणि तिला हसू आले. कागद छापून घेऊन गुरुवारी सकाळी तिने बडनेऱ्याची गाडी धरली.

नर्सरीच्या ऑफिसात खुशालराव खुर्चीत होते आणि त्यांची सून साधना कोऱ्या लेबलांच्या जुड्या मोजत होती. नर्सरीचे निम्मे काम साधनाच पाहते, पण लॉगिन एकच. पहिल्या दिवशी ओटीपी खुशालरावांच्या मोबाइलवर आला, साधनाने तो आपल्या मोबाइलमध्ये घातला, आणि तेव्हापासून तिचा मोबाइल खुशालरावांच्या नावाने उघडा होता. दुसरे नाव घेऊ म्हणून प्रणालीने सुचवले, तेव्हा खुशालराव म्हणाले होते, "नर्सरी एक, नाव एक."

प्रणालीने कागद टेबलावर ठेवला. "काकाजी, वाचा."

खुशालरावांनी चष्मा लावला. "सकाळी सात-अकरा. ऑफिसचा संगणक. नऊचे चौदा. हा मी. चहा घेऊन बसतो मी त्या वक्ती. दुपारी एक-चाळीस. मोबाइल. चौदाचे नऊ." ते थांबले. "दुपारी तं मी झोपलेला राहतो."

जुड्या मोजणे बंद झाले होते.

"मामाजी," साधना म्हणाली, "दुपारची मी."

"तू? काहून?"

"मले वाटलं, मशीनच रोज नऊचं चौदा करून राहिलं. म्हून मी रोज सुधरवत होती."

"अन् मी म्हणतो मशीन नऊ करून राहिलं!" खुशालराव टेबलावर हात आपटून हसले. "एका घरात जेवतो आमी दोघं, प्रणाली. एका पंगतीत."

"विचारायचं ना मग एकमेकांना."

"मशीनची चूक सुनेले काय विचारू?"

हसणे ओसरल्यावर मात्र मूळ प्रश्न जिथल्या तिथेच होता. सत्तावीस नंबरची कलमे कोणत्या झाडाची? चौदा नंबरचे झाड खुशालरावांचे भरवशाचे; त्याच्या फळावरच नर्सरीचे नाव चाललेले. नऊ नंबर साधनाने हेरलेले. तीन बहर तिने त्या झाडाची संत्री फोडून बिया मोजल्या होत्या, आणि त्या कमी भरत होत्या. या वर्षी पहिल्यांदा त्याची कलमे करायला सासऱ्यांनी होकार दिला होता.

"कलमाच्या डोळकाड्या म्या सोता तोडल्या चौदाच्या," खुशालराव म्हणाले.

"अन् मी नऊच्या. ओल्या पोत्यात बांधून ठेवल्या."

"म्या बी पोत्यातच ठेवल्या."

कलमे बांधणाऱ्या पुंजारामला बोलावले. जंबेरी लिंबाच्या खुंटावर काडीवरचे डोळे भरण्यात त्याचा हात साऱ्या पट्ट्यात नावाजलेला. त्याने डिसेंबरातला तो दिवस आठवून पाहिला.

"दोन पोते होते टाक्यापाशी. एक घेतलं अन् भरले डोळे."

"कोणतं घेतलं?" दोघांनी एकदम विचारले.

"जे जवळ होतं ते."

"अन् दुसऱ्यातल्या काड्या?"

"त्या वाळल्या, मालक. मी फेकल्या. मले वाटलं, उरल्या असतीन."

प्रणालीने कागदाकडे पाहिले. सात बदलांच्या आधीची मूळ नोंद डिसेंबरची, संध्याकाळी, मोबाइलवरून: नऊ. साधनाने आपल्या समजुतीने भरलेली. तक्त्यात प्रत्येक बदल मिनिटासकट होता. टाक्याजवळची दोन पोती त्यात नव्हती.

"मंग आता काय लिहायचं?" खुशालरावांनी विचारले. "चौदा लिहिलं अन् नऊ निघालं, तं पाच-सहा वर्षांनी मानूस फळ घेऊन दारात उभा राहीन."

"रकाना रिकामा ठेवू," साधना म्हणाली.

"रिकामा राहत नाही," प्रणाली म्हणाली. तिने बनवतानाच तो सक्तीचा केला होता. आकडा टाकल्याशिवाय नोंद जतनच होत नव्हती. ठाऊक नाही असे सांगायला तिने जागाच ठेवली नव्हती.

दुपारभर ती तिथेच बसून राहिली. साधनाने ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी टेबलावरच आणून दिली. चार वाजेपर्यंत सक्ती निघाली, बदलाचे कारण लिहायला एक ओळ आली, इतिहास पडद्यावर दिसू लागला आणि साधनाला स्वतःचे लॉगिन मिळाले.

"म्हणजे आता भांडण नावानिशी लिहिल्या जाईन," खुशालराव म्हणाले.

"हो मामाजी. वेळेसकट."

शनिवारी महादेवराव आले. खुशालरावांनी त्यांना लेबले दाखवायच्या आधी पडदा दाखवला आणि बदलांच्या आठही ओळी वाचून दाखवल्या. आठवी ओळ त्यांनी स्वतः सकाळी भरली होती: क्रमांक काढला; कारण, पोतं कोणतं ते ठाऊक नाही. महादेवरावांनी सत्तावीसच्या वाफ्यात एक फेरी मारली. मग त्यांनी दोनशे कलमे सत्तावीसमधून घेतली आणि चारशे दुसऱ्या वाफ्यातून.

संध्याकाळी खुशालरावांचा फोन आला. "वही राहू दे कपाटात. पण त्या तिघायले मी अजून काही सांगितलं नाही. हा हंगाम जाऊ दे."

"जाऊ द्या, काकाजी," प्रणाली म्हणाली आणि निवांत जेवायला बसली.

रविवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी साधनाच्या नावाने पहिली नोंद झाली. सत्तावीस नंबरमधली वीस कलमे नर्सरीच्या उत्तरेच्या धुऱ्याला, बांधाच्या कडेने लावली; कारण, फळ आलं का बिया मोजू. मातृवृक्षाचा रकाना रिकामा आहे.