दुसरं कुणी नाही

“मावशी, खरं सांग. दुसऱ्या कुणाला दिल्यास का गोळ्या?”

“आता काय शपथ घिऊ व्हय?” चंपामावशी उखडली. “तू म्हणाली व्हतीस, दुसऱ्या कुणाला द्यायच्या न्हाईत. न्हाई दिल्या.”

रेणुकाच्या जिवात जीव आला. म्हणजे घोटाळा गोळ्या भरणाऱ्या कारखान्यातच झाला असणार. तसं निघालं तर चाचणी पुन्हा घेता येणार होती.

डोंगराच्या पायथ्याशी हे तिचं गाव. भातलावणीत वाकून वाकून तिच्या आईच्या गुडघ्यांची पार वाट लागली. शेवटी शेवटी ती घराचा उंबरठासुद्धा बसून, सरकत ओलांडायची. ते बघून रेणुका डॉक्टर झाली आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत सांध्यांच्या झिजेमागं लागली. लग्न राहिलं, केस पांढरे झाले, तेव्हा कुठं एक गोळी हाताशी आली. चाचणीसाठी तिनं हट्टानं आपल्याच गावच्या भातलावणीच्या बायका घेतल्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, पोकळ. कुणाची कुठली, हे बायकांनाही ठाऊक नव्हतं आणि तिलाही नव्हतं.

निकाल आला तो असा, की दोन्ही गटांत काडीचा फरक नाही. सगळ्यांनाच थोडं थोडं बरं! पोकळ गोळीवाल्यांच्या रक्तातही औषध सापडलं. संस्थेचे प्रमुख सुहास सर म्हणाले, “कारखान्याची चूक असेल तर मी भांडतो. बायकांनीच घोळ घातला असेल, तर पैसेवाले पुन्हा दारात उभं करणार नाहीत.”

तेवढ्यात वरच्या आळीची कस्तुराबाई आत आली नि ऐसपैस पाय पसरून बसली. “चंपे, माजी आजची गोळी दे की.”

चंपामावशीनं फळीवरचा स्टीलचा डबा काढला. आत गोळ्याच गोळ्या, साऱ्या एकात मिसळलेल्या.

“हे काय गं?” रेणुकानं डब्यात डोकावून विचारलं.

“समद्यांच्या हायेत. पयल्या म्हयन्यात मला लय फरक पडला, हिला कायबी न्हाई. मग म्या एकटीनंच बरं व्हायचं? सावडीत आज हिचं खाचर लावायचं, उद्या माजं. तसंच केलं. घातल्या एका डब्यात, रोज जिच्या हाताला यील ती तिची.”

“अगं, पण मी सांगितलं होतं ना, दुसऱ्या कुणाला...”

“दुसरं कुनी कुटं हाय हितं?”

रेणुकाला हसावं की रडावं कळेना. तिच्या लहानपणी याच सावडीत बौद्धवस्तीच्या बायकांना घेत नसत. कस्तुराबाईची सासू आई-मावशीच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. आणि आज कस्तुराबाई मावशीच्याच तांब्याला तोंड लावून गोळी गिळत होती. हे बघायला मिळावं म्हणून रेणुका जन्मभर तळमळली होती. मिळालं, ते तिचं काम बुडवून. दैव देतं नि कर्म नेतं म्हणतात. इथं मायेनंच नेलं होतं.

“तुजी आई असती तर तिला बी दिली असती गं,” कस्तुराबाई म्हणाली.

मग तेव्हा सावडीत का नाही घेतलंत तिला? शब्द अगदी जिभेवर आले होते. रेणुकानं ते गिळले. राग मात्र गिळता येईना.

ती पडवीत गेली. फोनवर म्हणाली, “सर, कारखान्याची चूक नाही.”

“मग संपलं, रेणुका,” सर म्हणाले.

ती आत आली तेव्हा दोघी खाचराकडं निघायच्या तयारीत होत्या. कस्तुराबाईनं हात दिला, मावशी उठली.

“आता थोड्याच उरल्यात बघ,” मावशी डबा तिच्या हातात देत म्हणाली. “पुढच्या खेपंला जरा जास्ती आण. खालच्या आळीच्या बायाबी मागत्यात.”

“आणते,” रेणुका बोलून गेली. कुठून, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

दोघी बोलत बोलत निघाल्या. उंबरठा आला तो दोघींनी उभ्यानंच ओलांडला. रेणुका हातातल्या डब्याचं झाकण लावायचं विसरून त्यांच्या पावलांकडं बघत राहिली.