चंबूच्या गळ्यातला लाल-पांढरा दोरा

मित्रांनो, मी एक जुना, गोल बुडाचा काचेचा चंबू आहे. कझानलिक गावच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात राहतो. आधीच सांगून टाकतो, मी जळकुकडा आहे.

मला घडवणारा कारागीर भट्टीपाशी म्हणाला होता, "हा खूप सोसेल." ते खरे ठरले. दर वसंतात माझ्या पोटात सायक्लोहेक्झॅनॉल नावाचे अल्कोहोल आणि फॉस्फरिक आम्ल ओततात. खाली आच लावतात. अल्कोहोलातून पाणी सुटते आणि अल्कीन नावाचे नवे द्रव्य तयार होते. त्याची वाफ थंड नळीत निवून थेंब थेंब उतरते. तापायचे सगळे मी. मग ते थेंब जातात परीक्षानळीत. तिच्यात ब्रोमीनचे नारिंगी पाणी घालून हलवले की रंग नाहीसा होतो आणि वर्ग टाळ्या वाजवतो. कुणासाठी? त्या बोटभर नळीसाठी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

एक मार्चला आमच्याकडे सगळे एकमेकांना लाल-पांढरा दोरा बांधतात, वर्षभर प्रकृती चांगली राहावी म्हणून. झाड फुलले की तो फांदीला बांधायचा. प्रयोगशाळेतला दोरा दरवर्षी त्या नळीलाच मिळे. यंदा शेवटच्या वर्गातल्या कालिनाने तो माझ्या गळ्यात बांधला. तिच्या आईनेही हा प्रयोग माझ्यातच केला होता.

"चंबूला सर्दी होणार आहे का गं?" तिच्या वर्गातल्या प्लामेनने चिडवले. "तो खोक्यातला नवा कोरा घे की."

"गप रे! आईनं सांगितलंय, हाच घ्यायचा."

मी नळीकडे पाहिले. काय सुख झाले म्हणून सांगू!

तेवढ्यात वेलिस्लावाबाई आल्या. "कालिना, तो दोरा काढ आधी. आचेजवळ सूत नको."

"राहू द्या ना बाई, शुभ असतो."

"शुभ मलाही कळतं. काढ."

दोरा निघाला. बाईंनी मला खिडकीच्या उजेडात धरले आणि त्यांचा चेहरा उतरला. गळ्याच्या मुळाशी एक बारीक चीर होती. गेल्या वर्षी धुताना मी नळाच्या तोटीवर आपटलो होतो, ती तेव्हाचीच असणार. दोरा नेमका तिच्यावर बसला होता.

"हा आचेवर तडकला असता, पोरी. गरम आम्ल थेट तोंडावर आलं असतं."

कालिना पांढरीफटक पडली. "मला वाटलं, इतकी वर्षं टिकलाय म्हणजे भक्कमच असेल."

ती वाचली याचा मला आनंद झाला, पण नंतर. आधी मी जळफळलो. माझ्या जागी तो कोरा चंबू बसला. थेंब उतरले, रंग गेला, टाळ्या वाजल्या. मी खिडकीत बसून सगळे पाहिले.

काही दिवसांनी शाळेमागचा आलुबुखार फुलला. कालिनाने त्याची डहाळी आणून माझ्यात पाणी घालून ठेवली आणि तोच दोरा तिला बांधला.

"बाई, याला टाकू नका हं."

"कोण टाकतंय त्याला? तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?"

आता नळी कपाटातून माझ्याकडे बघत बसते. बघू दे.

मित्रांनो, कालिना यंदा शाळा सोडून जाईल, दुसरी मुले येतील. त्यांना माझी एकच विनंती आहे. एखादी वस्तू कितीही लाडकी असली, तरी आचेवर ठेवण्याआधी तिला उजेडात धरून पाहा. त्या नव्या चंबूलाही पाहा. मला तो मुळीच आवडत नाही, तरीही पाहा.